नऊ इंची भिंत

१

शालिकराम बोंदरे हिंगण्याहून कंपनीच्या बसने घरी यायचा, तेव्हा त्याची तपासणी फाटकापासूनच सुरू व्हायची. सायकल जागेवर आहे ना, अंगणातला नळ टपकत नाही ना, आणि गोपिका, म्हणजे त्याची बायको, दार उघडायला एवढा वेळ का लावते आहे. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, पगार सरळ बायकोच्या हातात. पण संशय त्याच्या हाडीमाशी खिळलेला होता. साखरेच्या डब्यात चमच्याने रेघ ओढून ठेवणारा हा गृहस्थ. ती रेघ मुंग्यांनी मोडली तरी बायकोची उलटतपासणी झाल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे.

अशा माणसाने आपल्या आणि शेजाऱ्याच्या घरामधल्या भिंतीला भोक पाडू दिलं, हेच मुळात नवल.

शेजारी म्हणजे चंपतराव. छिंदवाड्याकडे जाणाऱ्या छोट्या लाईनीवर, एका आडवळणाच्या स्टेशनात असिस्टंट मास्तर म्हणून त्यांनी हयात घालवली होती. बायको वारलेली, मुलगी भिलाईला दिलेली. हाउसिंग बोर्डाची घरं जोडीजोडीने बांधलेली होती आणि मधली भिंत दोघांत मिळून एकच, नऊ इंची. चंपतराव रिटायर झाले आणि पाठोपाठ त्यांच्या लाईनीवर डिझेल इंजिनं आली. जन्मभर कोळशाची धूळ खाल्ली, पण एका डिझेलला हिरवी झेंडी दाखवायचं नशिबी आलं नाही, याचं त्यांना मनापासून दुःख होतं. मग आपली आपण लाईन टाकायची, असं त्यांनी ठरवलं. टेबलावरची का होईना.

"कोळशाचा जमाना गेला गा शालिक," ते म्हणाले. "आपल्या लाईनीवर धूर नाही पाहिजे. निव्वळ डिझेल!"

शालिकराम कंपनीच्या फाउंड्रीत लाकडाचे साचे करायचा. हात बारीक कामाला वळलेला, आणि संध्याकाळी त्या हातांना काही काम नसायचं. तो भुलला.

२

एक स्टेशन चंपतरावांच्या घरात, दुसरं शालिकरामच्या घरात, आणि मधल्या भिंतीत मूठ जाईल एवढं भोक. तोच बोगदा. रूळ छत्रीच्या काड्यांचे. मोडक्या छत्र्या जमवायला चंपतराव बर्डीच्या फुटपाथवर दुरुस्तीवाल्यांशी तासन्‌तास घासाघीस करत. इंजिन तुपाच्या डब्याच्या पत्र्याचं, आत जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर. डिझेल म्हणजे शेवटी खोकंच, चिमणी नाही की दट्ट्या नाही, असं शालिकराम म्हणायचा आणि चंपतराव दुखावायचे. लाकडाच्या भुश्श्याला हिरवा रंग देऊन गवत केलं, कोळशाची आणि पाण्याची जागा मुद्दाम ठेवली नाही, तिथे डिझेलची टाकी उभी केली.

शालिकरामच्या बाजूला लाईन भोकातून निघून बाहेरच्या खोलीतल्या फळीवरून जायची आणि दाराच्या चौकटीतून वळून थेट सैपाकघरात, मसाल्याच्या डब्यापाशी संपायची. बाहेरच्या खोलीत पुरेशी लांबी मिळत नव्हती, दुसरं काय.

"उद्या माह्या चुलीवरून विमान न्या," गोपिका म्हणाली होती. पण ओट्यावरची फळी तिनेच रिकामी करून दिली होती.

गाडी चालवायची ती मात्र कायद्याने. चंपतरावांचा तिथे हट्ट होता. दोन्ही घरांत सेलवर वाजणारी एकेक घंटी आणि एकेक पितळी पट्टी. इकडची पट्टी दाबली की तिकडची घंटी वाजणार. तार त्याच भोकातून गेलेली.

"भितीपलीकडचं आपल्याले दिसत नाही," चंपतरावांनी समजावलं. "म्हणून विचारल्याबिगर गाडी सोडायची नाही. एक टोला म्हणजे, लक्ष आहे काय? दोन टोले म्हणजे, लाईन क्लिअर देता काय? समोरच्यानं दोन टोले परत देल्ले, तं लाईन देल्ली. नाही देल्ले, तं गाडी येत नाही, मंग तिच्यात कोणी लाटसाहेब का बसला असंना. तीन टोले, गाडी निघाली. अन् चार टोले…"

"गाडी आली," गोपिका दारातून म्हणाली.

"पूर्ण आली! शेवटच्या डब्याचा लाल दिवा डोयानं पाह्यल्याबिगर चार टोले द्यायचे नाहीत. दिवा नाही दिसला तं समजायचं, गाडीतलं काहीतरी अजून मधातच आहे."

शालिकरामने दिवाळीच्या तोरणातला बारका लाल बल्ब काढून शेवटच्या डब्यामागे बसवला. उन्हाळा सरता सरता लाईन सुरू झाली.

३

दोघेही रोज संध्याकाळी आपापल्या घरात बसून, एकमेकांचं तोंड न बघता, भिंतीपल्याड गाडी पाठवत. आधी सगळं गोडीगुलाबीने चाललं. मग शालिकरामच्या ध्यानात एक गोष्ट आली.

गाडीला वेळ लागत होता.

तीन टोले द्यायचे, इंजिन भोकात शिरायचं, मागोमाग डबे, शेवटी लाल दिवा आत जाऊन दिसेनासा व्हायचा. पुढे नऊ इंच. मुंगीसुद्धा एव्हाना पलीकडे पोचून माघारी आली असती. पण चंपतरावांचे चार टोले यायचेच नाहीत. शालिकराम पट्टीवर बोट ठेवून बसून राहायचा. भोकातून चाकांचा आवाज यायचा, लांबचा, सांध्यांवरून जाणारा, खटक-खटक, खटक-खटक. आणि नेमकी गोम इथेच होती. सगळे सांधे शालिकरामने स्वतः कानशीने घासून असे सपाट केले होते, की त्यांवरून नखही अडत नसे. त्याच्या रुळांवर खटक वाजायला जागाच नव्हती.

म्हातारा गाडी हातात धरून ठेवतो, त्याने ठरवलं. धरून ठेवतो आणि भोकाला डोळा लावतो. इकडे बघतो.

दुसऱ्या दिवशी अंगणात त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाडी अडकते काय जी काकाजी तुमच्याकडे?"

चंपतरावांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "हे मीच तुले विचारणार होतो. तीन टोले देते अन् गाडी घरातच ठेवून घेते तू. काहून गा? माह्यी गंमत करून राहिला काय?"

दोघेही हसले. दोघांचाही एकमेकांवर विश्वास बसला नव्हता.

त्याच आठवड्यात गोपिका जेवताना म्हणाली, "दुपारी घंटी वाजते जी."

शालिकरामचा घास हातातच राहिला. "दुपारी मी कंपनीत असतो."

"हाव. म्हणूनच सांगून राहिली. एक टोला देते. मंग थांबते. मंग दोन. अन् त्या भोकातून वास येते, गाडीच्या डिझेलासारखा."

"दुपारी घरी कोण येते?" शालिकरामने विचारलं.

गोपिकाने त्याच्याकडे पाहिलं, ताट उचललं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. हा प्रश्न विचारायला नको होता, हे शालिकरामला त्याच क्षणी कळलं होतं. पण कळलं तरी सुटका नव्हती. विधुर माणूस, दिवसभर घरी एकटा. बायको, दिवसभर घरी एकटी. मधे भोक, घंटी आणि ठरलेल्या खुणा. म्हातारा साठीचा आहे, दम्याने खोकतो, गोपिकाला लेकीसारखा मानतो, हे सगळं त्याला माहीत होतं. संशयी माणसाला सगळं माहीत असतं, फक्त त्याचा उपयोग होत नाही.

४

कंपनीत वीज गेली म्हणून एक दिवस पाळी लवकर सुटली. शालिकराम घरी आला तर गोपिका मागे कपडे वाळत घालत होती, आणि भिंतीतल्या भोकात चिंधी कोंबलेली होती. तिच्याच जुन्या हिरव्या पातळाची. नुसती अडकवलेली नाही, लाटण्याच्या टोकाने ठोसून ठोसून बसवलेली.

"हे कोणं लावली?" त्याने विचारलं.

"मी." ती हात पुसत आत आली. "रोज दुपारी लावतो अन् तुम्ही यायच्या आधी काढतो. वारा येते तिथून."

"वारा? नऊ इंचाच्या भितीतून? पलीकडं बंद घर आहे."

"मले माहीत आहे पलीकडं काय आहे ते." तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "राहू द्या ना ती चिंधी. संध्याकाळच्यालेही राहू द्या. लाईन मोडून टाका म्हणत नाही मी. पण दुपारी तं राहू द्या."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. शालिकरामला ते दिसलं आणि त्याने ते भलत्याच खाती टाकलं. त्याच्या मनात चित्र तयार होतं. चिंधी लावली म्हणजे नवरा घरात नाही. चिंधी काढली म्हणजे आला. कापडाच्या झेंड्या दाखवण्यात ज्याचा जन्म गेला, त्यानेच ही खूण शिकवली असणार.

चिंधी त्याने काढली, घडी केली आणि खिशात ठेवली. पुराव्यानिशी धरायचं होतं त्याला.

५

संधी पोळ्याच्या आधी आली. गोपिका महाल भागात बहिणीकडे जाणार होती. चंपतरावांना तार आणायला इतवारीत जायचं होतं. शालिकरामने डबा घेतला, बसच्या रांगेत उभा राहिला, बस आली तरी चढला नाही, आणि पानठेल्याआडून दोघांनाही वेगवेगळ्या दिशांनी जाताना पाहून मग घरी परतला. चंपतरावांच्या दाराला कुलूप होतं. ते त्याने ओढूनही पाहिलं.

आपल्या घरात शिरून त्याने दार लावलं, गोपिकाने जाताना भोकात पुन्हा कोंबलेली चिंधी काढून खिशात ठेवली आणि घंटीपुढे बसला. बाहेर लख्ख ऊन होतं. कुठेतरी पिठाची गिरणी चालू होती. मागच्या गल्लीत कोणीतरी पोराला हाका मारत होतं. आता म्हातारा मागच्या दाराने परत येईल, शालिकराम मनाशी म्हणाला. गोपिका बहिणीकडे गेली हे त्याला कुठे माहीत आहे?

घंटी वाजली. एक टोला.

खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. इतक्या दिवसांचा जीवाचा जाच खरा ठरला, याचा तो कडू आनंद होता. त्याने पट्टी दाबून एक टोला परत दिला. भोकातून गार वाऱ्याची झुळूक आली आणि तिच्याबरोबर डिझेलचा वास. म्हाताऱ्याने तेलाचा डबा उघडा ठेवला असेल, त्याने स्वतःला समजावलं.

दोन टोले.

चंपतरावांनी शिकवलेलं त्याला आठवत होतं. उत्तर दिलं नाही तर गाडी येत नाही. पण उत्तर दिलं नाही तर चोर सापडत नाही. शालिकरामने जपून, बायकांनी हलक्या हाताने दाबावी तशी पट्टी दाबली. एक. दोन.

लाईन दिली, आणि तो धावत बाहेर पडला.

शेजारचं कुलूप जसंच्या तसं. मागे गेला, मागचं दार आतून बंद. बाहेरच्या खोलीची खिडकी अर्धवट लोटलेली होती, तिच्या गजांत त्याने तोंड घातलं. आतलं सगळं दिसत होतं. हिरवं गवत, डिझेलची टाकी, फलाटाशी दिवा विझवून उभी असलेली गाडी. टेबलावर पितळी पट्टी. खोलीत चिटपाखरू नव्हतं.

तो त्या पट्टीकडे बघत असतानाच, त्याच्या स्वतःच्या घरात घंटी वाजली.

पट्टी हलली नव्हती. तो डोळे फाडून तिच्याचकडे बघत होता.

एक, दोन, तीन.

६

चंपतराव परतले तेव्हा तो त्यांच्या ओट्यावर बसलेला होता. त्याने सगळं सांगितलं. सगळं म्हणजे बायकोवरचा आणि त्यांच्यावरचा संशयसुद्धा, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. म्हाताऱ्याचा चेहरा आधी लाल झाला. मग घंटीची गोष्ट आली, तसा पांढरा पडला.

"माह्याकडेही वाजत होती दुपारी," ते हळूच म्हणाले. "मले वाटलं, गोपिकाबाई सफाई करताना हात लागत असंन. म्या कधी उत्तर नाही देल्लं. गाडीचा टाइमच नाही तं लाईन कायची द्यायची? अन् तू देल्ली? विचारणारा कोण हे माहीत नसताना?"

"रद्द करा मंग."

"ज्यानं मागतली, त्यानंच रद्द करायची असते गा. देणाऱ्याच्या हातात नसते ते."

मग शालिकरामचं कारागिराचं डोकं जागं झालं. कोणीतरी मधेच तार जोडली असेल. भोकात काहीतरी ठेवलं असेल. भिंतीला दोनच बाजू असतात आणि दोन्हीकडे आपण आहोत, तर बघून घ्यावं.

तो आपल्या घरात गेला, चंपतराव त्यांच्या. त्याने बाही वर सारली आणि भोकात हात घातला.

"घातला काय?" भोकातून चंपतरावांचा आवाज आला. तो जितका जवळून यायला हवा होता, तितका जवळून येत नव्हता.

"घातला."

"मले तं दिसून नाही राहिला."

"कोपरापर्यंत आत आहे जी!"

"माह्या डोयापुढं भोक रिकामं आहे, शालिक. मी बॅटरी मारून पाहून राहिलो."

त्याने आणखी रेटला. खांदा भिंतीला टेकला. बोटं पसरली तर विटा कुठेच लागेनात. खालती त्याच्या छत्रीच्या काड्या होत्या, त्या चाचपत बोटं पुढे गेली, आणि एका जागी काडी रुंद झाली. चार बोटं मावतील एवढी रुंद. थंड, गुळगुळीत लोखंड, वर तेलाचा चिकटा. त्याचा पूर्ण तळवा त्यावर बसला. आणि तळव्याखाली ते लोखंड थरथरत होतं, कान लावला असता तर ऐकू आलं असतं असं, लांबवरून.

त्याने हात ओढून काढला. तो कोणी धरला नव्हता. पण मनगटापर्यंत काळा झाला होता आणि त्याला डिझेलचा वास येत होता. धुण्याच्या सोड्यानेही तो गेला नाही.

७

गोपिका दिवेलागणीला आली. तिने चपला काढता काढता आधी भिंतीकडे पाहिलं.

"चिंधी कुठं आहे?"

शालिकरामने ती खिशातून काढून दिली. ती हातात धरून गोपिका उभी राहिली. "अन् घंटी वाजली तं?"

"वाजली. म्या उत्तर देल्लं, तुह्यासारखं हलक्या हातानं."

ती मटकन खाली बसली. ओरडली नाही. "इतके दिवस म्या नाही देल्लं जी. रोज विचारते ते. एक टोला, मंग दोन. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो, अन् कानात बोळे घालतो. काकाजीनंच शिकवलं होतं ना, उत्तर नाही देल्लं तं गाडी येत नाही. एवढंच तं धरून बसली होती मी. मंग वारा सुटला तं चिंधी लावली." तिने चिंधी त्याच्यापुढे धरली. "अन् तुम्ही त्याले माह्या नावानं लाईन देल्ली?"

शालिकरामला लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा, पायापासून डोक्यापर्यंत. आपण घराची राखण करतो असं तो समजत आला होता, आणि राखण ही बाई करत होती. एकटी, भरदुपारी, त्याची बोलणी खाऊन. तिला काहीतरी सांगावं म्हणून तो तिच्याजवळ बसला, पण एवढंच म्हणाला, "चुकलं माह्यं."

तिने त्याचा काळा हात आपल्या हातात घेतला. चिंधी आता लावायची नाही, लाईन दिल्यावर आडवं काही घालायचं नसतं, असं भिंतीपलीकडून चंपतराव बजावत होते. दोघं तशीच भोकाकडे तोंड करून बसली. शालिकराम पापणी हलवत नव्हता. जे काही येईल ते आधी आपल्याला दिसलं पाहिजे, एवढंच त्याने धरून ठेवलं होतं. वीज गेली. सगळ्या कॉलनीची गेली, बाहेरून पोरांचा गलका ऐकू आला. भोक काळंच राहिलं. त्यातून वारासुद्धा येत नव्हता. वाससुद्धा नाही.

मग वास आला. दाट, गरम, डोळ्यांना झोंबणारा. पण तो समोरून येत नव्हता.

गोपिकाची नखं त्याच्या मनगटात रुतली. तिने मान वळवली होती. त्याने वळवायला वेळ लावला.

मागे सैपाकघराचं दार उघडं होतं. आतल्या अंधारात भांड्यांवर लाल उजेड पडलेला होता. आधी पातेल्यांवर, मग गडूवर, मग ताटांच्या कडांवरून तो हळूहळू पुढे सरकत गेला, मसाल्याच्या डब्याकडे. तिथे पोचला आणि थांबला. शेवटच्या डब्यामागे असतो, तो उजेड.

घंटीचं टेबल सैपाकघराच्या दाराशीच होतं. तिथे अंधारात पितळी पट्टी दाबल्याचा आवाज आला. टक. टक. टक. टक.

भिंतीपलीकडे चंपतरावांची घंटी खणखणली, आणि भोकातून त्यांचा आवाज आला, अगदी जवळून, नऊ इंचांवरून:

"शालिक! चार टोले आले गा! अन् माह्यी गाडी तं माह्यापाशीच उभी आहे… तुह्याकडं काय आलं?"